तुमचा वॉर्ड कुठला?

अमेरिकेतल्या युटा राज्याच्या उत्तरेकडच्या कॅश व्हॅलीत, म्हणजे लोगन आणि आजूबाजूच्या स्मिथफील्ड, हायरम, रिचमंड या गावांत राहायला गेलात, की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी विचारणार, ‘तुमचा वॉर्ड कुठला?’ आपल्या डोळ्यांपुढे महापालिका आणि नगरसेवक येतात. ते अगदीच चूक नाही. या भागात बहुसंख्य असलेल्या मॉर्मन चर्चचा, म्हणजे अमेरिकेत सुरू झालेल्या येशू ख्रिस्ताला मानणाऱ्या एका पंथाचा, वॉर्डही नकाशावर रेघा मारूनच ठरतो. कुठल्या चर्चला जायचं हे तिथे माणूस निवडत नाही, घराचा पत्ता ठरवतो. मॉर्मन वस्ती दाट असेल तिथे चार-सहा गल्ल्यांचा एक वॉर्ड होतो, आणि असे काही वॉर्ड मिळून एक स्टेक. वॉर्डचा प्रमुख बिशप. तो पगारी धर्मगुरू नसतो. शेजारचा दंतवैद्य, शाळामास्तर नाहीतर दूधवाला शेतकरीच साधारण पाच वर्षं हे काम बिनपगारी करतो. बाकीच्यांनाही कामं वाटून दिलेली असतात. कुणी लहान मुलांना शिकवतं, कुणी पियानो वाजवतं, कुणी आजाऱ्यांच्या जेवणाची व्यवस्था बघतं. या कामाला ‘कॉलिंग’ म्हणतात.

तुम्ही मॉर्मन नसलात तरी तुमचं घर त्या रेघांच्या आत असतंच. त्यामुळे तुम्ही कोण, किती माणसं, मुलं कितवीत, हे बिशपला लवकर कळतं. यात हेरगिरी नाही, पण आधी माहीत नसेल तर दचकायला होतं.

युनिव्हर्सिटीतल्या किंवा कुठल्या कारखान्यातल्या नोकरीमुळे अशा गावात जाणारी मराठी कुटुंबं आधी वैराची भीती बाळगतात. वैर सहसा नसतं. अडचण वेगळी असते. गावातल्या बहुतेक बातम्या वॉर्डच्या वाटेने फिरतात: कुणाकडे बाळ झालं, कोण आजारी आहे, शनिवारी मैदानात काय आहे, कोणत्या मुलीला बेबीसिटिंगचं काम हवंय. त्या वाटेवर तुम्ही नसाल तर सहा महिने कुणी वाईट वागत नाही आणि कुणी बोलावतही नाही.

घर घेण्याआधी एक हिवाळा भाड्याने राहा. कॅश व्हॅली डोंगरांनी वेढलेली वाटी आहे. थंडीत वर उबदार हवेचं झाकण बसतं, खाली गार हवा कोंडते आणि धूर-धूळ दिवसचे दिवस तळाशी साचून राहते. घरात दम्याचं माणूस असेल तर हे जानेवारीत कळलेलं बरं.

पत्ता लिहायचीही एक रीत आहे. बहुतेक गावं चौकटीच्या जाळीवर आखलेली, आणि मधल्या चौकात शून्य. लोगनमध्ये मेन आणि सेंटर हे रस्ते मिळतात तिथे. ‘३२५ ईस्ट ४०० नॉर्थ’ म्हणजे चौकापासून चार ब्लॉक उत्तरेला असलेल्या रस्त्यावर, पूर्वेकडे सव्वातीन ब्लॉक गेल्यावर. गावाची अशी आखणी मॉर्मन चर्चचा संस्थापक जोसेफ स्मिथ याच्या १८३३ च्या नगर-आराखड्यापासून चालत आली आहे. एकदा समजली की नकाशा लागत नाही. चुकतं ते फॉर्म भरताना. इतर राज्यांसाठी बनवलेल्या वेबसाइट दिशांपैकी एक शब्द गाळतात किंवा शेवटी उगाच ‘स्ट्रीट’ चिकटवतात आणि पार्सल गावाच्या दुसऱ्या टोकाला जातं. पत्ता सेव्ह केल्यावर दोन्ही आकडे आणि दोन्ही दिशा पुन्हा वाचून बघा.

पाण्याकडे मात्र नीट लक्ष द्या. या भागात बऱ्याच घरांना दोन पाणी असतात. एक पिण्याचं, दुसरं बागेचं. बागेचं पाणी कालव्याचं, गाळलेलं-शुद्ध केलेलं नसतं, आणि साधारण मध्य एप्रिल ते मध्य ऑक्टोबर मिळतं. मुलांच्या प्लास्टिकच्या टबात ते भरू नये. काही ठिकाणी ते दाबाच्या नळाने येतं. जुन्या भागात अजून पाटाने येतं आणि त्याला पाळी असते. ज्यांच्या आजोळी रात्री दारं धरायला जायची पद्धत होती त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. पाटकऱ्यासारखाच इथे वॉटरमास्टर असतो, पाळीचा तक्ता असतो आणि पाळी रात्री दोनलाही येते. पाळी संपल्यावर दार टाकायचं विसरलात तर पाणी शेजाऱ्याच्या तळघरात शिरतं. धर्मावरून होत नाहीत तेवढी भांडणं इथे पाण्यावरून होतात.

कालवा कंपनी ही भागधारकांची असते आणि पाणी शेअरच्या रूपात असतं. युटात हे शेअर जमिनीच्या खरेदीखताबरोबर आपोआप येत नाहीत. करारात शेअर किती ते लिहून घ्या आणि कंपनीच्या वहीत नाव बदललं का ते खरेदी पूर्ण होण्याआधी विचारा. नाहीतर एकरभर हिरवळ तुमची आणि पाणी जुन्या मालकाचं. एका शेअरला पाणी किती, हे कंपनीगणिक वेगळं असतं, म्हणून ‘दोन शेअर आहेत’ एवढ्या उत्तरावर थांबू नका. वर्षाची पट्टी किती, पाळी किती तासांची, पाणी दाबाने येतं की पाटाने, हेही विचारा.

सामानाचा ट्रक दारात लागला की वॉर्डमधले पुरुष बरेचदा न बोलावता येतात आणि दोन तासांत ट्रक रिकामा करतात. त्यांना पैसे देऊ नका. थंड पाणी, लिंबू सरबत, पिझ्झा चालेल. पुढच्या दोन-चार दिवसांत कागदी ताटल्यांतून ब्रेड, कुकी, जॅम येईल. आलेलं भांडं रिकामं परत करू नये ही आपली रीत, पण ताटली कागदाची असते ती मुद्दाम, तुमच्यावर ओझं नको म्हणून. तरी आठवड्याभरात शंकरपाळे घेऊन त्यांच्या दारी गेलात तर ओळख व्हायला चांगलं निमित्त मिळतं.

मग चर्चला यायचं निमंत्रण येईल, आणि आपली माणसं नेमकी इथे घोटाळा करतात. आपण ‘बघू’, ‘कधीतरी नक्की येऊ’ असं म्हणतो. आपल्या कानाला तो सभ्य नकार वाटतो. त्यांच्या कानाला तो होकाराचा पहिला टप्पा वाटतो. दारावर येणारे मिशनरी, म्हणजे छातीवर काळी नावपट्टी लावलेली दोन तरुण मुलांची किंवा दोन तरुण मुलींची जोडी, तुमच्या या ‘बघू’ची नोंद ठेवतात. त्यांच्या बदल्या साधारण सहा-सहा आठवड्यांनी होत असतात, त्यामुळे नव्याने आलेला मिशनरी ती नोंद वाचून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. तुम्हाला वाटतं हे पिच्छा सोडत नाहीत, त्यांना वाटतं तुम्हीच बोलावलंत.

‘सगळे देव एकच’ हे दुसरं वाक्य. आपल्याकडे ते बोलून विषय मिटतो. मॉर्मन श्रद्धा मात्र अशी, की हरवलेलं मूळ चर्च जोसेफ स्मिथने १८३० मध्ये पुन्हा उभं केलं. त्यांच्या दृष्टीने विषय तिथे सुरू होतो.

म्हणून पहिल्याच वेळी हसतमुखाने, पण पूर्णविराम देऊन सांगा: आम्ही हिंदू आहोत, धर्म बदलायचा विचार नाही, धर्माच्या भेटी नकोत, शेजारी म्हणून मात्र केव्हाही या. तरी जोड्या येत राहिल्या तर बिशपला सांगा. अशी घरं वगळण्याची त्यांच्याकडे सोय असते. त्या मुलांवर मात्र दार आपटू नका. घर सोडून दीड-दोन वर्षांसाठी आलेली असतात, आणि सोफा हलवायला किंवा बर्फ उपसायला मदत मागितलीत तर आनंदाने करतात.

नकाराची एक किंमत असते. नाही म्हटलेल्या घराला पुन्हा बोलावलं तर ते मागे लागल्यासारखं दिसेल, या धास्तीने लोक साध्या सहलीलाही बोलावत नाहीत. म्हणून त्याच संभाषणात पुढचं वाक्य जोडा: नाताळचं जेवण, उन्हाळी सहल, मुलांचे खेळ असं काही असेल तर कळवा, आम्हाला यायला आवडेल. वॉर्डचे ग्रुप मेसेज कोण पाठवतं ते विचारा. बहुधा बायकांच्या रिलीफ सोसायटीतली एखादी बाई असते. तिच्या यादीत तुमचा नंबर गेला की अर्धं काम झालं.

आता घड्याळ. रविवारी सभा दोन तासांची असते (२०१९ पूर्वी तीन तासांची होती). एकाच इमारतीत दोन-तीन वॉर्ड पाळीपाळीने बसतात आणि वेळा जानेवारीत बदलतात. गेल्या वर्षी सकाळी नऊला रिकामी होणारी गल्ली या वर्षी दुपारी एकला रिकामी होते. स्थानिक मालकांची बरीच दुकानं रविवारी बंद. मोठी सुपरमार्केट आणि पेट्रोलपंप उघडे असतात. रविवारी हिरवळ कापायला कायद्याची आडकाठी नाही, पण आवाज साऱ्या गल्लीत तुमचाच असेल. मुलाचा वाढदिवस रविवारी ठेवू नका. आमंत्रण सगळे घेतील आणि येणार फार थोडे.

सोमवारची संध्याकाळ घरच्यांसाठी राखलेली. आठवड्याच्या मधल्या एका संध्याकाळी, बरेचदा बुधवारी, बारा वर्षांपुढची मुलं चर्चच्या उपक्रमाला जातात. महिन्याचा पहिला रविवार उपासाचा: दोन वेळचं जेवण सोडतात आणि ते पैसे गरजूंसाठी देतात. त्या दिवशी दुपारी गुलाबजामांचा डबा घेऊन जाऊ नका. एप्रिल आणि ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवार-रविवारी सर्वसाधारण परिषद असते. तेव्हा वॉर्डच्या सभा नसतात आणि लोक घरीच पायजम्यात बसून भाषणं ऐकतात. २४ जुलैला पायोनियर डे, युटाची सार्वजनिक सुट्टी. १८४७ मध्ये मॉर्मनांचा पुढारी ब्रिगहॅम यंग याची तुकडी सॉल्ट लेकच्या खोऱ्यात उतरली तो दिवस. अनेक गावांत तो ४ जुलैइतकाच थाटात होतो. हॅलोविन रविवारी आला की बऱ्याच गल्ल्यांत मुलं शनिवारीच दारोदार फिरतात. २०२७ मध्ये तसंच आहे, चॉकलेटं एक दिवस आधी आणून ठेवा.

चहाबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण आपलं सगळं आतिथ्य तिथूनच सुरू होतं. १८३३ च्या ‘वर्ड ऑफ विज्डम’ या चर्चच्या आरोग्यनियमांनुसार दारू, तंबाखू, चहा आणि कॉफी वर्ज्य. गरम की गार हा मुद्दा नाही. आइस्ड टी नाही, ग्रीन टी नाही, मसाला चहाही नाही. कॅफीन हाही मुद्दा नाही, कोला चालतो. २०१२ मध्ये चर्चने तसं स्पष्टच केलं. म्हणून युटात जागोजागी सोड्याची दुकानं आहेत. गाडीतून न उतरता कोलामध्ये नारळाचं सरबत आणि क्रीम घालून घेतात आणि त्याला ‘डर्टी सोडा’ म्हणतात. चव ज्याची त्याची.

घरी आलेल्याला काय द्यायचं? पन्हं, कोकम सरबत, मठ्ठा, मसाला दूध हे सगळं चालतं. गवती चहा, आलं, पुदिना उकळून चहापत्ती न घालता दिलात तरी चालतं, फक्त त्याला ‘चहा’ म्हणू नका. नाव ऐकूनच माणूस अवघडतो आणि मग पातेल्यात काय काय आहे ते समजावत बसावं लागतं. तुम्ही स्वतः त्यांच्यासमोर चहा प्यायलात तर कुणी काही म्हणत नाही. दुकानात चहा-कॉफी सर्रास मिळते.

शाकाहारी घरांनी उलट बाजूने सावध राहायला हवं. सामुदायिक जेवणात हमखास असणारे ‘फ्युनरल पोटॅटोज’ म्हणजे बटाट्याचा कीस, आंबट क्रीम, चीज, वर लोण्यात परतलेले कॉर्नफ्लेक्स. बघायला निव्वळ शाकाहारी. आत बहुतेक वेळा चिकनच्या क्रीम सूपचा डबा असतो. रंगीत जेलो तर २००१ पासून युटाचा अधिकृत खाऊ आहे, आणि त्यातलं जिलेटीन प्राण्यांपासून केलेलं असतं. मार्शमेलोतही तेच. ‘आम्ही शाकाहारी’ एवढं सांगून भागत नाही. चिकनचा रस्सा, सूप आणि जिलेटीन चालत नाही, असं नावं घेऊन सांगा. बाळंतपणात किंवा आजारपणात आठवडाभर जेवणाचे डबे येतात, तेव्हा हे आधी सांगितलेलं असलं की दोन्हीकडचं संकट टळतं.

आपल्या फायद्याची एक गोष्ट मात्र या गावांत आहे, ती म्हणजे गहू. अडीअडचणीसाठी धान्य साठवणं हा मॉर्मन घरांचा जुना शिरस्ता. चर्चची होम स्टोरेज सेंटर कुणालाही विकतात, तिथे अख्खे गहू, तांदूळ, ओट्स, राजम्यासारखी कडधान्यं हवाबंद डब्यांत मिळतात. बिशपच्या शिफारशीवर गरजूंना मोफत देणारं भांडार वेगळं, दोन्हींत गल्लत करू नका. पोळीसाठी ‘हार्ड व्हाइट’ गहू घ्या. ‘हार्ड रेड’ची पोळी तांबूस आणि चवीला किंचित तुरट होते. घरगुती विजेची चक्की बऱ्याच शेजाऱ्यांकडे असते, पहिल्यांदा मागून बघा. चक्की सर्वात बारीकवर ठेवा. पीठ गरम निघतं, लगेच डब्यात कोंडलंत तर घाम धरतं, म्हणून ताटात पसरून गार करा. कोंड्यासकट ताजं पीठ लवकर खवट होतं, आठवड्यापुरतंच दळा किंवा फ्रीजरमध्ये ठेवा. हा गहू चिवट आहे: अडीचशे ग्रॅम पिठाला पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास पाणी लागतं, आणि मळल्यावर अर्धा-पाऊण तास झाकून ठेवलं नाही तर पोळी लाटताना आखडते. लोगन साधारण साडेचार हजार फुटांवर आहे, पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं. डाळीला कुकरच्या एक-दोन शिट्ट्या जास्त द्या. उघड्या पातेल्यात राजमा शिजवायच्या भानगडीत पडू नका.

दारूचं थोडक्यात: किराणा दुकानात ५ टक्क्यांपर्यंतची बिअर मिळते. वाइन आणि कडक दारू फक्त सरकारी दुकानात, आणि ती दुकानं रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी बंद. गाडी चालवताना रक्तातल्या दारूची मर्यादा ०.०५ टक्के आहे, देशातल्या बहुतेक राज्यांत ती ०.०८ असते. कुणाच्या घरी वाइनची बाटली भेट नेऊ नका.

मुलांचं वय जसं वाढतं तसे प्रश्न बदलतात. आठव्या वर्षी मॉर्मन मुलांचा बाप्तिस्मा होतो. दुसरी-तिसरीच्या वर्गात एकामागून एक सगळ्यांचा झाला की तुमचं मूल विचारणारच, ‘माझा कधी?’ उत्तर आधी तयार ठेवा. आपल्याकडच्या मुंजीचं उदाहरण चटकन पटतं: ज्या त्या घराचा तो संस्कार. पालकांच्या परवानगीशिवाय अल्पवयीन मुलाचा बाप्तिस्मा चर्च करत नाही, तेव्हा मैत्रिणीबरोबर एखाद्या रविवारी गेली म्हणून घाबरायचं कारण नाही. जेवणाआधी ते हाताची घडी घालून, मान खाली घालून प्रार्थना करतात. मुलांनी गप्प बसलं तरी पुरे. मुक्कामाच्या रात्री बऱ्याच घरांत टाळतात. मुलं पायजम्यात येतात, सिनेमा बघतात आणि दहा-अकराला घरी जातात. तुमच्या मुलीला कुणी मुक्कामाला ठेवून घेतलं नाही तर मनाला लावून घेऊ नका. सोळाच्या आत जोडीने फिरणंही त्यांच्यात बसत नाही, आणि यावर बहुतेक मराठी आयांचं एकमत होईल.

नववीपासून सेमिनरीचा प्रश्न येतो. शाळा सरकारी, पण तिला लागून चर्चच्या जागेवर एक इमारत असते, आणि मॉर्मन मुलं शाळेच्या वेळेतला एक तास तिथे धर्मशिक्षणाला जातात. १९१२ मध्ये सॉल्ट लेकच्या ग्रॅनाइट हायस्कूलपासून ही प्रथा सुरू झाली. शाळेच्या आवाराबाहेर, पालकांच्या परवानगीने असा तास घ्यायला हरकत नाही असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५२ मध्ये सांगितलं. त्याचे गुण शाळेत धरत नाहीत. तुमच्या मुलाला तोच तास ऐच्छिक विषयासाठी मोकळा मिळतो आणि चार वर्षांत ते चार जादा विषय होतात. पण आधी मागितलं तर. वेळापत्रक वसंतात ठरतं. तेव्हा समुपदेशकाकडे जाऊन विषयांची नावं लिहून दिली नाहीत तर ‘घरी जाण्याचा तास’ गळ्यात पडतो, आणि गाडी नसलेला मुलगा लायब्ररीत बसून मोबाइल बघतो. घर घेण्याआधीच शाळेला विचारा, सेमिनरीच्या तासाला बाकीच्यांसाठी कोणते वर्ग चालतात. मोठ्या शाळेत यादी लांब मिळते. लहान शाळेत सुतारकाम आणि अजून एखादा विषय.

लग्नाचं आमंत्रण येईल ते स्वागत समारंभाचं. विवाह टेंपलमध्ये, म्हणजे खास विधींसाठीच्या वेगळ्या इमारतीत लागतो, आणि आत जायला वॉर्ड आणि स्टेकने दिलेला परवाना लागतो. तुम्हीच नाही, नवरीची धाकटी भावंडंही बाहेर थांबतात. वॉर्डची सभागृहं मात्र सगळ्यांना खुली. स्वागत समारंभ पुष्कळदा त्याच इमारतीतल्या बास्केटबॉलच्या हॉलमध्ये, बास्केटला माळा गुंडाळून. रांगेत उभं राहायचं, नवरा-नवरीला भेटायचं, आहेर ठेवायचा, काहीतरी गोड खायचं आणि वीस मिनिटांत निघायचं. आपल्याला हे शिकवायला नको. फक्त पंगत नसते, तेव्हा घरून जेवून निघा. नवं किंवा डागडुजी केलेलं टेंपल समर्पणाआधी काही दिवस सर्वांना बघायला उघडतात. ती संधी सोडू नये.

बोलताना दोन गोष्टी जपा. २०१८ पासून चर्चच्या नेतृत्वाने ‘मॉर्मन’ऐवजी पूर्ण नाव वापरावं असं सांगितलं आहे. या लेखात सोयीसाठी जुना शब्द वापरला, तिथे बोलताना ‘मेंबर’ किंवा ‘द चर्च’ म्हणा. दुसरं, बहुपत्नीत्वाचे विनोद नकोत. या चर्चने ते १८९० मध्ये जाहीरपणे सोडलं. आज ते पाळणारे गट वेगळे आहेत.

गणपतीला शेजाऱ्यांना बोलवायचं असेल तर शनिवार दुपार धरा. चप्पल बाहेर काढायची, आरतीला उभं राहायचं, फोटो काढलेले चालतात, हे आमंत्रणातच लिहा. प्रसाद पुढे करा, आग्रह करू नका. मूर्तीला दाखवलेला नैवेद्य घ्यायला काहींना अवघड जातं, त्यांच्यासाठी चिवडा आणि करंज्या वेगळ्या ताटात ठेवा. मोठं देऊळ हवं तर सॉल्ट लेकच्या दक्षिणेला साउथ जॉर्डनमध्ये गणेश मंदिर आहे, आणि आणखी खाली स्पॅनिश फोर्कला राधाकृष्ण मंदिर. तिथल्या वसंतातल्या रंगोत्सवात नाचणाऱ्या गर्दीत मॉर्मन कॉलेजांची पोरं मोठ्या संख्येने असतात. लोगनहून निघालात तर एका बाजूने किमान दीड-दोन तास धरा, आणि येताना सॉल्ट लेकमधून डाळी, पोहे, हिंग महिन्याभराचं भरून आणा.